मोटार कंपन्यांना खुले पत्र: पोरांची पहिली गाडी कुठे गेली?

प्रति,
मोटार कंपन्यांचे प्रमुख, तसेच उत्पादन-नियोजन आणि विपणन विभागांतील वरिष्ठ अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

‘नव्या पिढीला गाड्यांची हौस राहिली नाही,’ असं तुमच्यापैकी कुणी ना कुणी दर वर्षी एखाद्या मुलाखतीत म्हणतंच. मग पुढे फोन येतो, समाजमाध्यमं येतात, आणि सगळं खापर एका अख्ख्या पिढीच्या डोक्यावर फुटतं. मी गाडी चालवायला शिकवते. सतरा-अठरापासून पंचविशीपर्यंतची मुलं-मुली रोज माझ्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकतात, गाडी बंद पाडतात, पुन्हा चालू करतात. तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलता त्यांच्याशी माझं रोज बोलणं होतं. तुमचं ते वाक्य ऐकलं की मला राग येतो, म्हणून हे पत्र.

आधी तुमच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करते. लायसन्स काढणारी तरुण मुलं कमी झाली, हे आकडेच सांगतात. मिशिगन विद्यापीठातल्या वाहतूक संशोधकांनी अमेरिकेचे आकडे लावून पाहिले. १९८३ मध्ये सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४६ टक्क्यांकडे लायसन्स होतं, २०१४ मध्ये ते साडेचोवीस टक्क्यांवर आलं. विशी ते चोविशीच्या गटातही सुमारे ९२ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांपर्यंत घसरण झाली. इंग्लंडमध्ये सतरा ते वीस वयोगटात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ४८ टक्क्यांकडे लायसन्स होतं, २०१४ मध्ये २९ टक्क्यांकडे.

पण हे आकडे सभागृहात पडद्यावर दाखवून झाले की तुम्ही थांबता. त्याच मिशिगनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये पुढचा प्रश्नही विचारला होता. अठरा ते एकोणचाळीस वयाच्या, लायसन्स नसलेल्या लोकांना त्यांनी कारणं विचारली. ३७ टक्के म्हणाले, वेळच मिळत नाही. ३२ टक्के म्हणाले, गाडी घेणं आणि पोसणं परवडत नाही. ३१ टक्के म्हणाले, दुसरं कुणीतरी सोडतं. इंग्लंडमध्ये २०१८ मध्ये विद्यापीठीय संशोधकांनी तिथल्या सरकारसाठी असाच अभ्यास केला. त्यांनाही मुख्य कारणं सापडली ती लांबलेलं शिक्षण, अस्थिर नोकऱ्या, उशिरा होणारा संसार, स्वतःचं घर न होणं ही. या सगळ्यात हौस कुठे मोजली गेली? खिसा मोजला गेला आणि वेळ मोजला गेला.

शिवाय काही घट मुद्दाम घडवून आणलेली आहे, आणि ती चांगली आहे. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने लायसन्स देण्याची पद्धत आणली. आधी शिकाऊ, मग रात्री चालवण्यावर आणि मित्रांना बसवण्यावर बंधनं असलेलं, मग पूर्ण. १९९६ पासून अमेरिकेतल्या राज्यांनीही तोच मार्ग धरला. पाच ते एकोणतीस या वयात जगभर सर्वांत जास्त जीव रस्त्यावरच्या अपघातांत जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा सोळाव्या वर्षी किल्ली हातात न पडल्याबद्दल मी तरी अश्रू ढाळणार नाही.

आता माझं म्हणणं. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका खात्यात जमा धरत आलात, गाडीची गरज आणि गाडीची गोडी. मागच्या दोन-तीन पिढ्यांत जवळजवळ सगळे लायसन्स काढायचे, कारण मित्रांना भेटायचं तर गाडी, कामाला जायचं तर गाडी, घरच्यांच्या नजरेआड जरा मोकळं बसायचं तरी गाडीच. त्या सगळ्यांना गाडीचं वेड होतं असं तुम्ही आज धरून चालता. नव्हतं हो! बहुतेकांना तेव्हाही गाडी म्हणजे चार चाकं आणि एक छप्परच होतं. बॉनेट उघडलं की आपोआप ओढली जाणारी चार-दोन पोरं तेव्हाही प्रत्येक वर्गात होती आणि आजही आहेत. गरज ओसरली, म्हणून ती गर्दी पातळ झाली. गोडी असलेले होते तिथेच उभे आहेत.

माझ्याकडे दोन्ही प्रकारचे येतात. एकाला नोकरीसाठी लायसन्स हवं असतं. तो मन लावून शिकतो, परीक्षा पास होतो, संपलं. त्याला बस किंवा रेल्वे चांगली मिळाली तर तो गाडीला हातही लावणार नाही, आणि तसंच व्हावं असं मला वाटतं. जबरदस्तीने चालवणारे जितके कमी, तितका रस्ता बाकीच्यांना बरा. दुसरा प्रकार पहिल्याच तासाला ओळखू येतो. उतारावर गिअर खाली टाकला की गाडी का आवरते, हे तो विचारतो. वळणात ब्रेक दाबल्यावर मागचा भाग हलका का वाटतो, हे तिला जाणून घ्यायचं असतं. यातल्या कित्येकांना मी सांगायच्या आधीच अंडरस्टिअर (वळणात पुढची चाकं घसरून गाडी सरळ जाऊ पाहते ते) म्हणजे काय ते माहीत असतं, कारण ते खोलीत बसून स्टेअरिंगवर, पेडलांवर वर्षानुवर्षं रेसिंग खेळत आलेत.

या खेळांकडे तुम्ही गाडीचा शत्रू म्हणून बघता, हे मला कधी कळलेलं नाही. ग्रान तुरिस्मो १९९७ मध्ये आला तेव्हा त्याच्या पहिल्याच आवृत्तीच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. आपल्याकडे न विकल्या जाणाऱ्या गाड्यांची नावं, त्यांचं वजन, ताकद, कुठल्या चाकांना जोर जातो, हे सगळं पोरांना तिथे पाठ झालं. पुढे निसानने त्याच खेळातून चालक निवडायची स्पर्धा काढली. २०११ ची ती स्पर्धा जिंकलेला यान मार्डनबरो दोन वर्षांनी ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत खरी गाडी चालवत होता. खेळातून खऱ्या गाडीकडे जाणारा रस्ता तुमच्यातल्याच एका कंपनीने बांधून दाखवला आहे.

त्या पोरांना आवडतं काय, तेही एकदा नीट बघा. त्यांच्या फोनच्या पडद्यावर नव्वदच्या दशकातल्या जपानी गाड्या असतात. त्या कारखान्यातून बाहेर पडल्या तेव्हा यांचा जन्मही झाला नव्हता. अमेरिकेत परदेशी बाजारासाठी बनलेली गाडी पंचवीस वर्षं जुनी झाली की आयात करायला मोकळीक मिळते. १९९९ मध्ये आलेली निसान स्कायलाइन जीटी-आर आर-३४ कधी एकदा त्या वयात बसते, याची वाट तिथली तरुण मुलं वर्षानुवर्षं पाहत होती. ज्यांना गाड्यांची हौसच नाही, ते एका पत्र्याच्या पंचविसाव्या वाढदिवसाची वाट कशाला बघतील? त्यांना तुमच्या जुन्या गाड्या आवडतात आणि नव्या आवडत नाहीत, एवढाच याचा सरळ अर्थ आहे. तो ऐकायला कडू आहे, म्हणून पिढीचा दोष काढणं सोपं जातं.

हौशी लोकांच्या लाडक्या झालेल्या गाड्या आठवून पाहा. १९५९ ची मिनी जेमतेम तीन मीटर लांब. अ‍ॅलेक इसिगोनिसने ती इंधनटंचाईच्या दिवसांत काटकसरीसाठी बनवली, आणि तिने १९६४, १९६५, १९६७ अशी तीनदा माँटे कार्लो रॅली मारली. १९७६ ची फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय काही इंजिनिअरांनी जवळपास चोरून, कामाच्या वेळेबाहेर सुरू केलेली. कंपनीने पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज बांधला होता, पहिल्या पिढीच्या साडेचार लाखांवर खपल्या. तिचं वजन सुमारे ८१० किलो आणि ताकद ११० अश्वशक्ती. १९८९ ची माझ्दा एमएक्स-५ टनाच्या आतली. १९९१ ची होंडा बीट तर ६५६ सीसीची, इंजिन सीटांच्या मागे, छप्पर उघडं. यातली एकही गाडी आजच्या हिशेबाने वेगवान नाही. पण चालवणाऱ्याच्या हाताला आणि पायाला काय चाललंय ते कळायचं, आणि कळायला ताशी दीडशेचा वेग लागायचा नाही.

आता तुमच्या आजच्या यादीकडे वळू. फोर्डने १९७६ पासून चालत आलेली फिएस्टा २०२३ मध्ये बंद केली. किती जणांची ती पहिली गाडी होती याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. जीटीआयला २०२५ च्या मॉडेलपासून मॅन्युअल गिअरबॉक्स मिळत नाही. २०२३ मध्ये जगात विकल्या गेलेल्या गाड्यांपैकी ४८ टक्के एसयूव्ही होत्या, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने म्हटलंय. छोट्या गाडीवर नफा कमी सुटतो, मोठीवर जास्त, हे मला समजतं. तुम्ही धर्मादाय संस्था चालवत नाही. पण मग ‘आमच्या नफ्याला परवडत नाही’ असं सांगा. ‘पोरांनाच नको आहे’ असं का सांगता?

यावर तुमचं उत्तर ठरलेलं आहे, ते मी ऐकलंय. हौशी लोक नुसतं बोलतात, शोरूममध्ये येऊन विकत घेत नाहीत. इथेच तुमची मोजपट्टी चुकते. नवी कोरी गाडी घेणारा माणूस सहसा विशीतला नसतोच, तो आधीही नव्हता. हौशी पोराची पहिली गाडी जुनी असते. दोन-तीन हातांतून गेलेली, एका दरवाजाचा रंग उडालेला, आधीच्या मालकाने काहीतरी उपद्व्याप करून ठेवलेली. ती तो मित्राच्या मदतीने उघडतो, दोन बोल्ट हरवतो, पुन्हा जोडतो आणि त्यातून शिकतो. अमेरिकेत २००६ पासून ‘लेमन्सचे चोवीस तास’ (ल मान्सच्या नावाची चेष्टा) या नावाने एक शर्यत चालते, फक्त ५०० डॉलरपर्यंतच्या भंगार गाड्यांसाठी. तिथे रात्रभर इंजिनाखाली आडवी पडलेली माणसं बघितलीत, तर हौस संपली हे म्हणायची हिंमत होणार नाही. तुम्ही फक्त नव्या विक्रीच्या पावत्या मोजता, म्हणून ही माणसं तुम्हाला दिसतच नाहीत.

आणि आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? तुम्ही आज जे बनवता, तेच बारा-पंधरा वर्षांनी जुन्या बाजारात पोचतं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीचं सरासरी वय २०२४ मध्ये १२.६ वर्षं होतं. म्हणजे आज पहिलीत जाणारं पोर विशीत येईल, तेव्हा त्याला परवडणारी गाडी तुमच्या आत्ताच्या यादीतली असेल. तेव्हा त्याला काय मिळेल? दोन टनांच्या आसपासची उंच गाडी, तिचा पडदा बंद पडलेला, सॉफ्टवेअरचं समर्थन संपलेलं, आणि एक दिवा बदलला तरी कंपनीच्या संगणकाने मान्यता दिल्याशिवाय न पेटणारा. २०२२ मध्ये अमेरिकेत ३जी सेवा बंद झाली, तेव्हा कित्येक धडधाकट गाड्यांमधली आपत्कालीन मदतीची आणि दुरून कुलूप उघडण्याची सोय बंद झाली. इंजिन ठणठणीत, गाडी मात्र अर्धी मुकी. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये मोठ्या बहुमताने कौल दिला की दुरुस्तीसाठी लागणारी माहिती मालकाला आणि बाहेरच्या मेकॅनिकला मिळाली पाहिजे. दुसऱ्या कौलानंतर तुमच्या संघटनेने काय केलं? कोर्टात धाव घेतली. पोराने गाडी उघडून शिकू नये याची तजवीज करायची आणि पोराला गाडीत रस नाही म्हणून हळहळायचं, हे एकाच तोंडाने कसं जमतं?

पडद्यांबद्दल थोडं बोलते, कारण तो माझ्या धंद्याचा विषय आहे. मी शिकवते ती पहिली गोष्ट म्हणजे नजर रस्त्यावर. ‘वी बिलेगारे’ या स्वीडिश मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगात साधी कामं करून पाहिली: सीट गरम करणं, रेडिओ लावणं, काचेवरचं धुकं काढणं वगैरे. २००५ च्या बटणवाल्या व्होल्वो व्ही-७० मध्ये सगळं दहा सेकंदांत, ३०६ मीटरमध्ये उरकलं. सर्वांत वाईट ठरलेल्या नव्या गाडीला ४४.६ सेकंद लागले, तोवर ती १,३७२ मीटर पुढे गेली होती. अखेर गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेलाच नियम करावा लागला, की २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांसारख्या गोष्टींना खरं बटण नसेल तर पाच तारे मिळणं अवघड जाईल. चालवणाऱ्याचं लक्ष तुम्हीच गाडीतून काढून पडद्यावर नेलंत. मग पोरं दिवसभर पडद्यात असतात हा टोमणा तरी मारू नका.

सीट गरम करायचं यंत्र आधीच बसवलेलं असताना त्याचं मासिक भाडं मागायची कल्पना बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत काढली आणि पुढच्या वर्षी गुंडाळली. त्यावर हसून झालं. माहिती गोळा करण्याचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये पंचवीस ब्रँडच्या गाड्यांचं खासगीपण तपासलं आणि पंचवीसच्या पंचवीस नापास झाल्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये जनरल मोटर्सविरुद्धचा प्रस्तावित आदेश जाहीर केला. चालकांच्या ब्रेक मारण्याचे, वेगाचे तपशील ग्राहकांची माहिती विकणाऱ्या संस्थांना देण्यावर पाच वर्षांची बंदी. असे तपशील विमा कंपन्यांपर्यंत पोचतात, आणि विम्याचा सर्वांत मोठा बोजा आधीच कुणावर असतो? नवशिक्या तरुणावर. गाडीत बसून एकटं, कुणाच्या नजरेत न येता जाता येतं, हे तिचं सर्वांत जुनं आकर्षण होतं. तेच तुम्ही विकायला काढलंत.

आता कुणी म्हणेल, बाईंना सगळं जुनंच हवं. तसं नाही. ऑटोमॅटिक गिअर शिकायला सोपा आहे आणि बहुतेकांना तोच पुरेसा आहे. विजेच्या गाड्यांना माझा विरोध नाही, कुठल्याही हौशी माणसाने करू नये. ह्युंदाईने २०२३ मध्ये आयोनिक-५ एन काढली. तिच्यात गिअरच नाहीत, तरी गिअर बदलल्यासारखा झटका आणि आवाज ती चालकाला देते. कुणाला हा पोरखेळ वाटतो. मला त्यात एक कबुली दिसते: चालवणाऱ्याला काहीतरी करायला हवं असतं, आणि हे तुमच्या इंजिनिअरांना पक्कं ठाऊक आहे. टोयोटाने २०१९ मध्ये सुप्रा फक्त ऑटोमॅटिक आणली, पण मागणी इतकी झाली की २०२२ मध्ये मॅन्युअल द्यावाच लागला. जीआर यारिस तर हौशी माणसांनी हौशी माणसांसाठी बनवली असावी अशीच आहे. फक्त या सगळ्या गाड्या ज्याचे केस पांढरे व्हायला लागलेत त्यालाच परवडतात.

ताकदीचंही तेच. आज घरगुती विजेची गाडी चार-पाच सेकंदांत शंभरावर पोचते. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात तेवढी ताकद आणि तेवढं वजन द्यायला मी तयार नाही, त्याला कितीही हौस असली तरी. गाडीची गोडी म्हणजे वेग, हे तुमच्या जाहिरातींनी रुजवलेलं आहे. हलक्या, कमी ताकदीच्या गाडीत चूक लवकर कळते आणि स्वस्तात कळते. चाक घसरायच्या आधी ती सांगते. जड गाडी संगणकाच्या जोरावर शेवटपर्यंत गप्प राहते, आणि मग एकदम बोलते.

तुमच्याकडून मला हवं आहे ते फार नाही. एक गाडी बनवा, साधारण टनभर वजनाची, नफ्याची अपेक्षा न ठेवता, जाहिरातीवरचा खर्च समजून. विजेची चालेल, पेट्रोलची चालेल. तिला बटणं द्या. तिच्या दुरुस्तीची पुस्तिका सगळ्यांना खुली करा आणि सुटे भाग कुणालाही बसवता येतील असे ठेवा. सॉफ्टवेअर किती वर्षं चालवणार ते विकतानाच छापून द्या. माहिती पाठवणं बंद करायचं बटण मेनूच्या सातव्या पायरीवर न ठेवता समोर ठेवा. आणि महोत्सवांत, गायकांच्या मागे उधळता त्यातला थोडा पैसा बंद मैदानांवर घाला, जिथे अठरा वर्षांची मुलं ओल्या फरशीवर गाडी घसरवून ती सावरायला शिकतील. माझ्याकडे शिकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते कधी करायला मिळतं. ज्यांना मिळतं ते अधिक सावध चालवतात असा माझा अनुभव आहे, आणि गाडीवरचं त्यांचं प्रेमही वाढतं.

तोवर मुलाखतीतलं ते वाक्य आवरा. पुढच्या प्रदर्शनात नव्या गाडीवरचा कपडा ओढाल, तेव्हा पत्रकारांनी न विचारलेल्या एका प्रश्नाचं जाहीर उत्तर द्या. पंधरा वर्षांनी ही गाडी तिसऱ्या मालकाकडे, एखाद्या बावीस वर्षांच्या मुलीकडे गेली आणि तिचा मधला पडदा बंद पडला, तर त्या मुलीने काय करायचं? भाग कुठून आणायचा, कुणाकडून बसवून घ्यायचा, आणि तुमची परवानगी लागणार का? ‘यावर अजून विचार केलेला नाही’ असं उत्तर असेल तर तेच सांगा. निदान बोलणं तिथून तरी सुरू करता येईल.

कळावे,
आपली,
एक वाहनचालन प्रशिक्षिका